विश्लेषण : माजी सैनिक पिंगली वेंकय्या तिरंग्याचे रचनाकार कसे झाले? ध्वजाला सलाम कोणी करायचा?

दर १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला ध्वजवंदनाच्या वेळी एक प्रश्न हमखास पडतो : साध्या कपड्यांतल्या माजी सैनिकाने सलाम करावा की सावधान उभे राहावे? ज्यांच्या आराखड्यातून आजचा तिरंगा घडत गेला, ते पिंगली वेंकय्या स्वतः माजी सैनिक होते.

कोण होते वेंकय्या?

आंध्रातील मछलीपट्टणमजवळच्या भटलपेनुमर्रू गावी २ ऑगस्ट १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. ब्रिटिश भारतीय सैन्यातून ते दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात गेले. तिथे गांधीजींशी त्यांची ओळख झाली. युनियन जॅकला सलाम करताना आपल्या देशाला स्वतःचा ध्वज हवा, हा विचार त्यांच्या मनात रुजला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. परतल्यावर त्यांनी जपानी भाषा, कापसाचे वाण आणि हिऱ्यांचा अभ्यास केला. त्यामुळे लोक त्यांना 'जपान वेंकय्या' आणि 'डायमंड वेंकय्या' म्हणत.

ध्वज कसा घडला?

१९१६ मध्ये त्यांनी राष्ट्रध्वजाचे ३० आराखडे असलेली पुस्तिका प्रसिद्ध केली. १९२१ मध्ये बेझवाडा, म्हणजे आजच्या विजयवाड्यात काँग्रेसची बैठक भरली होती. तिथे त्यांनी गांधीजींना लाल-हिरवा ध्वज दाखवला. गांधीजींच्या सूचनेवरून त्यात पांढरा पट्टा आला, चरखाही आला. १९३१ मध्ये काँग्रेसने केशरी, पांढरा व हिरवा असा क्रम ठरवला. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने चरख्याऐवजी अशोकचक्र असलेला तिरंगा स्वीकारला. म्हणजे आजचे रूप एकट्या माणसाचे नाही. पण पाया वेंकय्यांचा आहे.

मग सलाम कोणी करायचा?

भारतीय ध्वजसंहिता २००२ नुसार ध्वजारोहण, अवतरण किंवा संचलनात ध्वज समोरून जाताना उपस्थितांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान उभे राहायचे असते. गणवेशातील व्यक्तींनी रीतसर सलाम करायचा असतो. साध्या वेशातील माजी सैनिकांसाठी संहितेत वेगळे कलम नाही. त्यामुळे ताठ सावधान उभे राहिले की त्यांचा मान राखला जातो. अमेरिकेत २००८ मध्ये कायदा करून माजी सैनिकांना गणवेशाविनाही सलामाची मुभा देण्यात आली.

अखेरचे दिवस

४ जुलै १९६३ रोजी वेंकय्यांचे निधन झाले, तेव्हा ते हलाखीत होते. पार्थिवावर तिरंगा पांघरावा, पण स्मशानात पोहोचल्यावर तो काढून झाडाला बांधावा, अशी त्यांची इच्छा होती, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. आजची संहिताही हेच सांगते : शासकीय, लष्करी वा निमलष्करी अंत्यसंस्कारातच ध्वज पार्थिवावर पांघरता येतो, केशरी बाजू डोक्याकडे असावी आणि तो चितेत जाळू नये.

देशाने त्यांची आठवण उशिरा काढली. त्यांच्या नावाचे टपाल तिकीट २००९ मध्ये आले.