झोप हरवलेल्या महाराजांची सागरयात्रा

सन १८८७ च्या मे महिन्याच्या अखेरीस मुंबई बंदरातून युरोपकडे निघालेल्या आगबोटीवर बडोद्याचे चोवीस वर्षांचे महाराज सयाजीराव गायकवाड होते, आणि त्यांच्यासोबत होत्या सोळाच्या आसपास वय असलेल्या महाराणी चिमणाबाई. त्या वर्षी व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. हिंदुस्थानातील कित्येक संस्थानिक त्या सोहळ्यासाठी लंडनची वाट धरून होते. बडोद्याचे महाराज मात्र सोहळ्यासाठी निघालेले नव्हते. त्यांना झोप येत नव्हती. रात्रीमागून रात्री जागून काढल्याने शरीर पार थकले होते आणि औषधपाणी, हवापालट, विश्रांती हे सारे उपाय करून झाल्यावर वैद्यकीय सल्ला एकच उरला होता, तो म्हणजे दीर्घ समुद्रप्रवास आणि युरोपातील थंड, कोरडी हवा.

चोविसाव्या वर्षी एखाद्या तरुणाची प्रकृती अशी का ढासळावी, याचे उत्तर त्यांच्या आधीच्या बारा वर्षांत सापडते. नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या खेड्यात, काशीराव गायकवाड यांच्या शेतकरी घरात ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेला गोपाळ हा मुलगा बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळखीलाही पारखा होता. कवळाणे असो की वऱ्हाडातील रिठद, त्या काळच्या शेतकरी कुटुंबाला दूरचा प्रवास म्हटला की पंढरीची वारी किंवा फार तर काशीयात्रा एवढेच ठाऊक असे. इंग्रज सरकारने १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केले, खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी २७ मे रोजी गोपाळचे सयाजीराव झाले. गुरे राखणाऱ्या पोराचा राजा झाला, ही गोष्ट महाराष्ट्रात मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. त्या कौतुकात त्या पोराच्या वाट्याला आलेले कष्ट मात्र बहुधा झाकले जातात.

एफ. ए. एच. इलियट या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण सुरू झाले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा, शिवाय गणित, इतिहास, भूगोल, घोडेस्वारी, कसरत आणि अखेरच्या काळात दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभारावर दिलेली व्याख्याने, हे सगळे सहा वर्षांत उरकायचे होते. इतर मुलांना जे दहा-बारा वर्षांत सावकाश मिळते, ते या मुलाच्या डोक्यात सहा वर्षांत भरले गेले. २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाची एकोणीस वर्षेही पुरी झाली नसताना, राज्याचे संपूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले. त्यांनीही ते नुसते मिरवण्यासाठी घेतले नाहीत. प्रत्येक कागद स्वतः वाचायचा, प्रत्येक खात्याची माहिती स्वतः घ्यायची, प्रांतोप्रांती दौरे काढून लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, असा त्यांचा क्रम होता.

याच काळात घरावर आघात झाले. तंजावरच्या लक्ष्मीबाई, म्हणजेच पहिल्या चिमणाबाई, यांच्याशी १८८० मध्ये त्यांचा विवाह झाला होता. या दांपत्याला दोन मुली आणि एक मुलगा झाला. मुली बालपणीच गेल्या आणि ७ मे १८८५ रोजी चिमणाबाईंचेही क्षयाने निधन झाले. मागे उरले अवघ्या पावणेदोन वर्षांचे फत्तेसिंहराव. राजघराण्यात दुःख करीत बसायला फारशी सवड नसते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई महाराणी म्हणून बडोद्याला आल्या आणि त्यांनाही चिमणाबाई हेच नाव देण्यात आले. पहिल्या पत्नीचे नाव दुसरीला दिले जावे, यातील वेदना कोणाच्या वाट्याला किती आली असेल, याचा हिशेब दरबारी कागदपत्रांत सापडणार नाही. निद्रानाशाने मात्र महाराजांना याच सुमारास पुरते ग्रासले.

आज ज्याला मानसिक ताण, नैराश्य किंवा अतिश्रमाचा थकवा म्हटले जाईल, त्याला त्या काळचे डॉक्टर न्यूरास्थेनिया म्हणत. अमेरिकन डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ मध्ये हे नाव प्रचारात आणले. मज्जातंतूंची शक्ती जणू बँकेतल्या शिलकेसारखी असते आणि बुद्धिजीवी माणूस ती उधळून बसतो, अशी त्यामागची कल्पना होती. झोपेची गुणकारी औषधे तेव्हा फारशी नव्हती आणि जी होती त्यांची सवय लागण्याचे भय होते. म्हणून श्रीमंत रुग्णांना कामापासून तोडून दूर पाठविणे हाच राजमान्य उपचार ठरला. आल्प्स पर्वतातील गावे आणि कार्ल्सबाड, व्हिशी यांसारखी खनिज झऱ्यांची ठिकाणे त्याच रुग्णांवर भरभराटीस आली. पुढे १९१४ मध्ये नामदार गोखल्यांनीही प्रकृतीसाठी व्हिशीचाच आश्रय घेतला होता.

परंतु हिंदू राजाने समुद्र ओलांडावा, ही १८८७ मध्ये साधी गोष्ट नव्हती. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्याने मुंबई ते लंडन हे अंतर तीन आठवड्यांवर आले होते. मनातले अंतर मात्र तेवढे कमी झाले नव्हते. महाराज निघण्याच्या तीनच महिने आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने वारल्या होत्या आणि त्यांच्या परदेशगमनावर गावोगाव उलटसुलट चर्चा चालू होती. त्यानंतर तीन वर्षांनी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसारख्या मंडळींवर ग्रामण्याचा प्रसंग आला, यावरून त्या समाजाची नाडी समजून येते. परदेशी जाणारा राजा आपला स्वयंपाकी, सेवक, शिधासामग्री बरोबर नेत असे, त्याचे कारण केवळ थाटमाट हे नव्हे. जयपूरचे महाराज माधोसिंह १९०२ मध्ये राज्यारोहण समारंभाला गेले, तेव्हा त्यांनी चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल नेले होते. पंधरा वर्षे आधी निघालेल्या सयाजीरावांच्या बरोबरही मोठा लवाजमा होता. त्यांना धर्मशास्त्राच्या धाकापेक्षा निरोगी शरीराची गरज अधिक वाटली, हे महत्त्वाचे. आणि त्याहून महत्त्वाचे हे, की पडद्यात वाढलेल्या महाराणींना त्यांनी मागे ठेवले नाही.

मे महिन्याची अखेर ही समुद्रप्रवासाला चांगली वेळ नव्हे. अरबी समुद्र पावसाळ्याच्या तोंडावर खवळू लागतो आणि एडनपर्यंतचे दिवस नवख्या प्रवाशाला जड जातात. पुढे तांबडा समुद्र, सुएझ आणि मग इटलीचा किनारा. इटलीतून ही मंडळी स्वित्झर्लंडच्या डोंगरात गेली. सेंट मॉरिट्झ समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहा हजार फूट उंचीवर आहे आणि तेथील स्वच्छ हवा दमलेल्या मज्जातंतूंवर रामबाण मानली जात असे. तिथे दरबार नव्हता, अर्जदारांची रांग नव्हती, रेसिडेंटसाहेबाच्या भेटीगाठी नव्हत्या. राजा म्हणून ओळखणारे कोणी नसलेल्या वाटांवरून हिंडणे, हा सयाजीरावांच्या आयुष्यातील बाराव्या वर्षानंतरचा पहिलाच अनुभव असावा.

पॅरिस पाहून हे दांपत्य वर्षाच्या उत्तरार्धात इंग्लंडला पोहोचले, तोवर सुवर्णमहोत्सवाची गर्दी ओसरली होती. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, महाराजांना जी.सी.एस.आय. हा किताब मिळाला. महाराणी या वेळी गरोदर होत्या. फेब्रुवारी १८८८ मध्ये सारे मुंबईला परतले आणि मे महिन्यात राजपुत्र जयसिंहराव जन्मले. सुमारे नऊ महिन्यांच्या या रजेने महाराजांना बरे वाटले खरे, पण ते पूर्ण बरे झाले नाहीत. बडोद्यात पाऊल ठेवताच कामाचे डोंगर आणि त्याबरोबर जुना निद्रानाशही परत आला. मग पुन्हा युरोप. आयुष्यभरात त्यांचे परदेश प्रवास दोन डझनांहून अधिक झाले. पुढे गाऊटच्या दुखण्याचीही त्यात भर पडली.

या प्रवासांवर टीका करणे सोपे होते आणि ती भरपूर झाली. प्रजेच्या पैशाने राजा विलायतेत राहतो, हा आक्षेप हिंदी वृत्तपत्रांतही उमटला. इंग्रज सरकारच्या आक्षेपाचे कारण वेगळे होते. परदेशात हिंडणारा संस्थानिक नको ते पाहतो, नको त्यांना भेटतो आणि आपल्या पायरीला राहत नाही, ही त्यांची खरी तक्रार. लॉर्ड कर्झन यांनी १९०० मध्ये संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांवर निर्बंध घालणारे परिपत्रक काढले, तेव्हा त्याचा रोख बडोद्याकडे आहे हे उघड गुपित होते. आजारपणासाठी जातानाही सरकारची अनुमती मागावी लागावी, हे सयाजीरावांच्या स्वाभिमानी मनाला कायम टोचत राहिले.

तरी टीकाकारांचे सारेच खोटे होते असे म्हणता येत नाही. महाराज परदेशात असले की महत्त्वाचे कागद टपालाने त्यांच्यामागे जात आणि हुकूम परत येईपर्यंत आठवडे उलटत. दिवाण आणि मंत्रिमंडळाकडे अधिकार सोपवून नियमाने चालणारी यंत्रणा त्यांनी उभी केली, त्यामागे ही गरजही होती. पण यंत्रणेतही गट पडतात. महाराज युरोपात असताना १८९४ मध्ये बडोद्यात जे बापट प्रकरण गाजले, ते याचे बोलके उदाहरण. जमीन मोजणी खात्यातील इलियट यांचे सहायक वासुदेव सदाशिव बापट यांच्यावर लाचखोरीचे आरोप ठेवून आयोग नेमण्यात आला. बापट हे लोकमान्य टिळकांचे मित्र. टिळक स्वतः बडोद्याला जाऊन त्यांच्या बचावासाठी राबले. धनी घरी असता तर प्रकरण इतके चिघळले असते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि त्याला सोयीस्कर उत्तर नाही.

उलट बाजूचे पारडेही हलके नाही. प्रकृतीसाठी गेलेला हा रुग्ण हातात वही घेऊन हिंडत असे. शाळा, कारखाने, संग्रहालये, तुरुंग, रुग्णालये, ग्रंथालये पाहायची आणि आपल्याकडे यातले काय रुजेल याचा विचार करायचा, ही त्यांची रीत. १८९२ च्या अखेरीस लंडनमध्ये अरविंद घोष या तरुणाची भेट झाली आणि पुढच्या वर्षी तो बडोद्याच्या सेवेत दाखल झाला. त्याच १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू झाला. १९०६ आणि १९१० मध्ये अमेरिका पाहिल्यावर विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला त्यांनी बडोद्याला बोलावले. तीन वर्षांत त्याने मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकपेट्यांपर्यंतची रचना उभी केली. बँक ऑफ बडोदा १९०८ ची. परदेशी शिक्षणाचे मोल स्वतः पाहिलेल्या याच राजाने १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली.

चिमणाबाईंच्या बाबतीत तर प्रवासाने स्वभावच पालटला. युरोप, अमेरिका, जपान पाहून आलेल्या या महाराणीने १९११ मध्ये एस. एम. मित्र यांच्यासह हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, पुढे पडदा सोडला आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले.

मुलांना मात्र हे परदेश मानवले नाही. फत्तेसिंहराव आणि शिवाजीराव ऑक्सफर्डला, जयसिंहराव अमेरिकेत हार्वर्डला शिकले. वडिलांची कडक शिस्त आणि पाश्चात्त्य जगातील मोकळीक यांच्या कात्रीत सापडलेले हे राजपुत्र व्यसनांना बळी पडले. फत्तेसिंहराव १९०८ मध्ये, शिवाजीराव १९१९ मध्ये आणि त्या पहिल्या प्रवासात आईच्या पोटात असलेले जयसिंहराव १९२३ मध्ये गेले. तीन तरुण मुलांचे मृत्यू सयाजीरावांना पाहावे लागले. कन्या इंदिराराजे यांनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेला विवाह मोडला आणि १९१३ मध्ये लंडन येथे कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न केले. रूढी मोडणाऱ्या आईबापांनाही ते सहजी पचले नाही. ते लग्नाला हजर नव्हते.

उतारवयातही सयाजीरावांचा क्रम बदलला नाही. उन्हाळा आला की आगबोट आणि युरोप, हिवाळ्यात बडोदा. राज्यारोहणाला साठ वर्षे झाली तेव्हाही प्रकृतीची कुरबूर चालूच होती. १९३८ च्या अखेरीस ते आजारी अवस्थेतच विलायतेहून परतले. मुंबईत, जिथून एक्कावन्न वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा समुद्रावर निघाले होते त्याच शहरात, ६ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांनी देह ठेवला. गादीवर फत्तेसिंहरावांचे पुत्र, नातू प्रतापसिंहराव बसले.