लोकांना समुद्राची गोडी लागावी म्हणून त्याने घरोघरी मत्स्यालय पोहोचवलं, आणि त्याच नादात किनारे रिकामे झाले

नारंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. क्लाउनफिश म्हटलं की 'फाइंडिंग निमो' आठवतोच. आणि निमो आठवला की त्याचं ते लवलवतं, डंख मारणारं घरही आठवतं. ते घर म्हणजे सी ॲनिमोन, मराठीत समुद्रफूल. नाव फुलाचं असलं तरी हा प्राणी आहे बरं का!

ही जोडी आपल्या हॉलमधल्या काचेच्या टाकीत असावी असं आज अनेकांना वाटतं. पण समुद्रफूल घरी पाळायचं वेड आजचं नाही. ते पावणेदोनशे वर्षं जुनं आहे. आणि हे वेड ज्याने लावलं, त्यालाच त्याचा सगळ्यात जास्त पश्चात्ताप झाला.

त्याचं नाव फिलिप हेन्री गॉस.

गॉसचा जन्म 1810 चा, इंग्लंडमधल्या वुस्टरचा. वडील गावोगाव फिरून लोकांची छोटी चित्रं काढायचे. घरात पैशांची चणचण कायमचीच. पुढे कुटुंब पूल नावाच्या बंदराच्या गावी राहायला आलं. तिथे एका आत्याने या पोराला किनाऱ्यावरची समुद्रफुलं ओळखायला शिकवलं.

सतराव्या वर्षी पोटासाठी त्याला अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडला जावं लागलं. काम कारकुनीचं. फावल्या वेळात किडे गोळा करायचा नाद लागला. नंतर कॅनडात शेती केली, ती बुडाली. मग अमेरिकेत अलाबामामध्ये शिक्षकी केली. तिथली गुलामगिरी बघून त्याचं मन रमेना. 1839 मध्ये तो इंग्लंडला परतला. खिशात पैसा नव्हता, पण वह्या निरीक्षणांनी आणि चित्रांनी भरलेल्या होत्या. त्यातूनच पुस्तकं निघाली. जमैकाला दीड वर्ष राहून त्याने तिथल्या पक्ष्यांवरही पुस्तक लिहिलं.

1848 मध्ये एमिली बोज हिच्याशी त्याचं लग्न झालं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, एडमंड. गडी कामात किती बुडालेला असायचा? तर त्या दिवशीच्या डायरीत त्याने मुलगा झाल्याचं लिहिलं आणि त्याला लागूनच जमैकाहून एक हिरवी पाकोळी आल्याचं लिहिलं. विषय संपला.

अति कामामुळे तब्येत ढासळली. 1852 मध्ये हवापालट म्हणून कुटुंब डेव्हनच्या किनाऱ्यावर गेलं. आणि तिथे त्याला बालपणीची समुद्रफुलं पुन्हा भेटली.

ओहोटी लागली की गॉस छिन्नी-हातोडा घेऊन निघायचा. समुद्रफूल खडकाला घट्ट चिकटलेलं असतं. ओढलं तर फाटतं. म्हणून तो खालचा खडकच फोडून काढायचा. एकदा तर त्याने समुद्रफुलं शिजवून, तळून खाऊनही बघितली!

पण खरी अडचण पुढे होती. समुद्राचं पाणी बरणीत भरून प्राणी ठेवला की काही दिवसांत पाणी सडायचं आणि प्राणी मरायचा. एडिनबरोच्या सर जॉन डॅलिएल यांनी 1828 मध्ये आणलेलं एक समुद्रफूल बरणीत जगलं होतं, पण त्यासाठी रोज पाणी बदलावं लागायचं. समुद्रापासून लांब राहणाऱ्याने रोज ताजं पाणी आणायचं कुठून?

उत्तर होतं वनस्पतींमध्ये. पाण्यात शेवाळ ठेवलं आणि त्याला उजेड मिळाला की ते ऑक्सिजन सोडतं. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने हा समतोल 1850 च्या सुमारास दाखवून दिला. ॲना थीन या बाईंनी त्याआधीच लंडनमध्ये समुद्रातली प्रवाळं जगवली होती. म्हणजे शोध एकट्या गॉसचा नव्हता. त्याने केलं ते वेगळंच. त्याने ही गोष्ट सामान्य माणसाच्या घरात नेली.

1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. त्यासाठी प्राणी पुरवले गॉसने. 1854 मध्ये त्याचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि ॲक्वेरियम हा शब्द घरोघरी पोहोचला. जिवंत प्राणी समोर ठेवून त्याने स्वतः काढलेली रंगीत चित्रं त्यात होती. त्याच वर्षी त्याने मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड मिसळून घरच्या घरी समुद्राचं पाणी बनवायची कृतीही जाहीर केली. आज पाकिटातलं मीठ घोळून खाऱ्या पाण्याची टाकी भरतात, त्यामागची कल्पना हीच.

आता समुद्र हाताशी नसला तरी चालणार होतं. अट एकच, समुद्रफूल हवं.

आणि इथेच गडबड झाली. रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. काचेवरचा कर 1845 मध्येच उठला होता. लोक गॉसची पुस्तकं आणि बरण्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. लंडनमध्ये तर समुद्री प्राणी विकणारी दुकानं निघाली.

इकडे गॉसच्या घरावर आभाळ कोसळलं होतं. फेब्रुवारी 1857 मध्ये एमिली स्तनाच्या कॅन्सरने गेली. त्याच वर्षी त्याचं 'ऑम्फॅलॉस' हे पुस्तक आलं. गॉस कट्टर धार्मिक होता. पृथ्वी खूप जुनी असल्याच्या खुणा खडकांत होत्या, आणि बायबलवर तर त्याचा शब्दशः विश्वास होता. दोन्ही जुळवण्यासाठी त्याने मांडलं की देवाने पृथ्वी घडवतानाच तिच्यात जीवाश्म घातले. शास्त्रज्ञांना हे पटलं नाहीच, पण धार्मिक लोकांनीही पाठ फिरवली.

खचलेला गॉस आठ वर्षांच्या एडमंडला घेऊन डेव्हनमधल्या सेंट मेरीचर्चला राहायला गेला. बाप-लेक रोज किनाऱ्यावर जायचे. ब्रिटनमधल्या समुद्रफुलांवरचा त्याचा मोठा ग्रंथ 1860 मध्ये पूर्ण झाला. एडमंड दहा वर्षांचाही नसताना त्याला सापडलेलं एक समुद्रफूल त्यात नवी जात म्हणून आलं.

पण तोवर किनारा बदलायला लागला होता. खडकांतली जी डबकी फुलबागेसारखी भरलेली असायची, ती ओरबाडली जात होती. खडक फोडले की त्यावर पुन्हा काही वाढायला जागाच उरत नव्हती. एडमंड पुढे मोठा लेखक झाला. 1907 मध्ये आलेल्या 'फादर अँड सन' या आत्मकथनात त्याने हा नाश लिहून ठेवला आहे. वडिलांच्याच पुस्तकांमुळे हे झालं, आणि याचं शल्य वडिलांना फार लागलं, असं तो सांगतो. लोकांनी निर्मात्याची किमया बघावी एवढीच गॉसची इच्छा होती. लोकांनी बघितली, आणि उचलून घरी नेली.

1888 मध्ये गॉस गेला. डॅलिएल यांचं ते समुद्रफूल आदल्या वर्षापर्यंत जिवंत होतं. बरणीत, पण तब्बल 59 वर्षं!

आता पुन्हा आपल्या निमोकडे. क्लाउनफिश आणि समुद्रफुलाची जोडी गॉसच्या थंड समुद्रात नव्हतीच. ती उष्ण समुद्रातली. आज टाकीतच जन्मलेले क्लाउनफिश बाजारात सहज मिळतात. समुद्रफुलांचं तसं नाही. ती अजूनही मोठ्या प्रमाणात समुद्रातूनच काढली जातात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, त्याला प्रखर उजेड लागतो. पाण्याचा खारटपणा जरा हलला तरी त्यांना सोसत नाही. नव्या टाकीत ती टिकत नाहीत, आणि जागा बदलत सरकताना पंपात अडकून मरतात.

आणि गंमत म्हणजे टाकीत क्लाउनफिशला समुद्रफूल लागतच नाही. त्याच्यावाचून तो मजेत जगतो. समुद्रात मात्र घर गेलं की मासाही जातो. त्यामुळे टाकी लावायचीच असेल तर टाकीत जन्मलेला मासा आणा. समुद्रफूल हवंच असेल तर टाकी काही महिने मुरू द्या, आणि टाकीतच विभागून वाढवलेलं समुद्रफूल मिळतंय का ते विचारा.

आणि नुसती बघायची असतील, तर मुंबईत किंवा कोकणात खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला जाऊन या. डबक्यात समुद्रफुलं दिसतील. बघा, फोटो काढा आणि तिथेच राहू द्या.