निरोपाला तीन माणसं, स्वागताला हजारो : शिपाई ते हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद

२९ ऑगस्ट म्हणजे राष्ट्रीय क्रीडा दिन. या दिवशी शाळाशाळांत स्पर्धा होतात, मेजर ध्यानचंद यांच्या फोटोला हार घातला जातो. हॉकीचे जादूगार म्हणून त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण एक साधा शिपाई तिथवर कसा पोहोचला, हे भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी तरी वाचलंच पाहिजे.

त्यांचं मूळ नाव ध्यानसिंह. जन्म १९०५ सालचा, अलाहाबादचा. वडील सैन्यात होते. बदली झाली की बिऱ्हाड उचलायचं, त्यामुळे शिक्षण सहावीपर्यंतच झालं. पुढे कुटुंब झाशीत स्थिरावलं. लहानपणी आवड होती ती कुस्तीची. हॉकीचं वेड तेव्हा नव्हतंच.

मिसरूड फुटायच्या वयात, १९२२ साली, ते दिल्लीत ब्राह्मण रेजिमेंटमध्ये शिपाई म्हणून भरती झाले. तिथले सुभेदार-मेजर बाले तिवारी हॉकीचे मोठे शौकीन. त्यांनी या पोराला खेळाचे धडे दिले. दिवसा ड्युटी असायची, मग रात्री चांदण्यात सराव चालायचा. त्यावरूनच नावात 'चंद' आलं, असं सांगतात.

पुढची चार वर्षं ते फक्त पलटणीच्या आणि लष्करी स्पर्धांत खेळले. बाहेरच्या जगाला त्यांचं नावही माहीत नव्हतं. १९२६ साली लष्कराचा संघ न्यूझीलंडला निघाला आणि त्यात त्यांची निवड झाली. संघाने १८ सामने जिंकले, २ बरोबरीत सुटले आणि फक्त १ गमावला. परत आल्यावर शिपायाचे ते लान्स नाईक झाले.

१९२८ साली भारताचा हॉकी संघ पहिल्यांदाच ऑलिंपिकला जाणार होता. निवडीसाठी कलकत्त्याला प्रांताप्रांतांची स्पर्धा झाली. ती संयुक्त प्रांताने जिंकली आणि त्या संघात ध्यानचंद होते. भारतीय संघात नाव आलं, पण संघाकडे पैशाची चणचण होती. त्यात जहाज पकडण्याआधी मुंबईच्या संघाने त्यांना ३-२ असं हरवलं. १० मार्चला जहाज सुटलं, तेव्हा बंदरावर निरोप द्यायला फक्त तीन माणसं होती.

ॲमस्टरडॅमला मात्र चित्रच पालटलं. भारताने ५ सामन्यांत २९ गोल केले आणि स्वतःवर एकही गोल होऊ दिला नाही. त्या २९ पैकी १४ गोल एकट्या ध्यानचंद यांचे. संघातले काही खेळाडू आजारी असतानाही २६ मे रोजी यजमान हॉलंडला ३-० ने हरवून भारताने सुवर्णपदक घेतलं. संघ मुंबईला परतला, तेव्हा त्याच बंदरावर हजारोंची गर्दी उसळली होती.

एवढं नाव झालं तरी नोकरी सुटली नव्हती. १९३२ च्या ऑलिंपिकआधी निवड सामन्यांसाठी पलटणीने त्यांना सुट्टी दिली नाही. शेवटी चाचणी न देताच त्यांना संघात घेतलं गेलं. लॉस एंजेलिसला धाकटे भाऊ रूपसिंह यांच्यासोबत ते खेळले आणि दुसरं सुवर्ण आलं. १९३६ ला बर्लिनमध्ये ते कर्णधार होते. अंतिम सामन्यात भारताने जर्मनीला त्यांच्याच मैदानावर ८-१ असं लोळवलं. तिसरं सुवर्ण.

१९५६ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले. त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. उतारवयात मात्र पैशाची ओढाताण झाली. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. झाशीत ज्या मैदानावर ते खेळले, तिथेच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

आज गावोगावची पोरं पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावतात. तेव्हा त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ध्यानचंद यांच्याकडेही चार वर्षं कुणाचं नव्हतं. पण बाले तिवारींचं होतं. प्रत्येक गावात असा एक तरी माणूस पाहिजे.