पावसचे स्वामी स्वरूपानंद आणि चक्रसाधना

रत्नागिरीजवळील पावस गावी १५ डिसेंबर १९०३ रोजी रामचंद्र विष्णु गोडबोले यांचा जन्म झाला. असहकाराच्या चळवळीत त्यांनी शिक्षण सोडले व गावी स्वावलंबनाश्रम काढला. १९२३ साली पुण्यात सद्गुरू गणेशनाथ ऊर्फ बाबामहाराज वैद्य यांनी त्यांना नाथपंथाची सोऽहं दीक्षा दिली. पुढे सत्याग्रहात येरवड्याचा कारावासही घडला.

नाथपंथात मूलाधारापासून आज्ञेपर्यंत सहा चक्रे मानतात. ती डोळ्यांना दिसणारी इंद्रिये नव्हेत, ध्यानाची स्थाने होत. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात त्यासाठी आसन सांगितले आहे. टाचेच्या आधाराने मूळबंध, म्हणजेच वज्रासन साधावे. हनुवटी कंठाच्या खळगीत टेकवून जालंधरबंध आणि पोट आत ओढून उड्डियानबंध धरावा. अशाने प्राण आवरतो व कुंडलिनी जागी होते, असा हा मार्ग आहे.

१९३४ च्या कठीण आजाराने स्वामींची देहयष्टी कायमची खालावली. त्यानंतर सुमारे ४० वर्षे पावसच्या अनंत निवासात देसाई कुटुंबाने त्यांची सेवा केली. शरीर थकले, पण साधना थांबली नाही. श्वास आत येताना ‘सो’ व बाहेर जाताना ‘हं’ या अनुसंधानाचाच उपदेश त्यांनी आल्यागेल्यास केला. तो सहावा अध्याय धरून अवघी ज्ञानेश्वरी त्यांनी सुबोध अभंगांत उतरविली. १५ ऑगस्ट १९७४ रोजी ते समाधिस्थ झाले.

आसन हे साधन, स्थिर चित्त हे साध्य. गुडघे दुखतात म्हणून ज्यांना मांडी घालवत नाही, त्यांनाही श्वासाची वाट मोकळीच आहे. नव्या सभामंडपात दर्शनानंतर घटकाभर शांत बसावे, हीच ग्रामस्थांस व देणगीदारांस नम्र विनंती.