हार्ट स्कॅनचे औषध आणि ट्रॉम्बेची अणुभट्टी: होमी भाभांनी नेमके काय केले?

मेहरूण तलावावर रोज चालणाऱ्या एखाद्याच्या छातीत दुखू लागले, की डॉक्टर कधी कधी हृदयाचा 'मिबी स्कॅन' लिहून देतात. शिरेतून दिलेले किंचित किरणोत्सारी औषध रक्तासोबत हृदयाच्या स्नायूत पोहोचते. कॅमेऱ्यात जिथे ते फिके दिसते, तिथे रक्त कमी. फक्त श्रमानंतर फिके दिसले तर रक्तवाहिनीत अडथळ्याचा संशय. आरामातही तसेच राहिले तर बहुधा स्नायूला आधीच इजा.

यातले टेक्नेशियम 6 तासांत निम्मे होते. साठवून ठेवायची सोयच नाही! ते ज्या मॉलिब्डेनमपासून मिळते, तेही पावणेतीन दिवसांत निम्मे. परदेशातून येणारे विमान रखडले, तर माल वाटेतच आटतो. म्हणून देशात अणुभट्टी हवी.

इथे भाभा येतात. जन्म मुंबईत, 30 ऑक्टोबर 1909. घरच्यांच्या इच्छेखातर केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअरिंग केले, मग भौतिकशास्त्राकडे वळले (इंजिनिअरिंग करून दुसरीकडे जाणे तेव्हाही होते). 1939 मध्ये सुटीवर आले, महायुद्ध पेटले आणि ते इथेच राहिले. 4 ऑगस्ट 1956 रोजी ट्रॉम्बेत 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. तिथे किरणोत्सारी समस्थानिके बनू लागली. 1963 मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले.

हृदयाचे असे स्कॅन रुळले ते नंतर. भाभा 24 जानेवारी 1966 रोजी माँ ब्लाँवरील विमान अपघातात गेले. आज अणुऊर्जा विभागाची 'ब्रिट' ही संस्था रुग्णालयांना अशी औषधे पुरवते.