खेतवाडीतील निसर्गदत्त महाराज

विजापूर (आता विजयपुरा) जिल्ह्यातील इंचगिरी हे गाव सीमाभागातील वाचकांस अपरिचित नाही. भाऊसाहेब महाराजांनी तेथे रुजविलेल्या परंपरेतून गुरुदेव रानड्यांसारखे तत्त्वज्ञ पुढे आले; तिच्याच दुसऱ्या शाखेत मुंबईच्या खेतवाडीत विड्यांचे दुकान चालविणारे एक गृहस्थ उदयास आले. तेच निसर्गदत्त महाराज.

त्यांचा जन्म १८९७ साली हनुमान जयंतीस मुंबईत झाला, म्हणून नाव मारुती ठेवले. आडनाव कांबळी. बालपण मालवणजवळच्या कांदळगावी शेतीत गेले, शिक्षण बेताचेच. १९१५ साली वडील निवर्तल्यावर ते चरितार्थासाठी मुंबईस आले. प्रथम कारकुनी, मग स्वतःचे दुकान, १९२४ साली सुमतीबाईंशी विवाह, यथावकाश मुलेबाळे, असा तो चारचौघांसारखा संसार होता.

१९३३ साली एका स्नेह्याच्या आग्रहावरून ते भाऊसाहेबांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज यांच्याकडे गेले. नाम मिळाले आणि एक आज्ञा मिळाली: 'मी आहे' या जाणिवेवरच लक्ष ठेवावे. मारुतीरावांनी ती अक्षरशः पाळली. गुरूंची प्रवचने त्यांनी टिपून ठेवली, हे संप्रदायावर त्यांचे मोठेच ऋण आहे. १९३६ साली गुरू समाधिस्थ झाले. पुढल्या वर्षी मारुतीराव घरदार सोडून हिमालयाच्या ओढीने निघाले. परंतु वाटेत एका गुरुबंधूंनी समजाविले, की निरासक्तीने केलेला संसार संन्यासाहून उणा नाही. १९३८ साली ते परतले. वाढलेला व्यापार बहुतेक बुडाला होता. उरलेल्या एका दुकानावर त्यांनी समाधान मानले.

राहत्या घरातील पोटमाळ्यावर ते जिज्ञासूंशी बोलत. नाव, रूप, नाते, धंदा यांच्या आधी 'मी आहे' एवढेच भान असते. ते धरून बसावे, असे ते सांगत. मात्र तेथे थांबू देत नसत. हे भानही अन्नमय देहाबरोबर येते व जाते; ते ज्याला कळते तो त्याच्याही पूर्वीचा, हा त्यांचा खरा रोख. शेवटच्या वर्षांत तर ते दुसरे काही बोलतच नसत. गोड बोलण्याची अपेक्षा ठेवून येणारा मात्र निराश होई, कारण महाराज तापट होते. भजन मात्र त्यांनी कधी चुकविले नाही. अद्वैती माणूस टाळ कशाला वाजवतो, हा प्रश्न ज्ञानेश्वर-तुकारामांच्या मुलखात कुणाला पडू नये.

औंध संस्थानातील स्वराज्य-प्रयोगात सहभागी झालेले पोलंडचे अभियंता मॉरिस फ्रिडमन यांनी ध्वनिमुद्रित संवादांचे इंग्रजी भाषांतर केले आणि १९७३ साली 'आय ॲम दॅट' प्रसिद्ध झाले. त्यानंतर देशोदेशींचे लोक खेतवाडीची गल्ली शोधीत येऊ लागले. महाराज अखेरपर्यंत मराठीतच बोलले, दुभाषी बसत. त्यांनी तपासलेली मराठी आवृत्तीही स्वतंत्रपणे निघाली, पण आपल्यापैकी अनेकांनी त्यांचे नाव प्रथम इंग्रजी ग्रंथावरच वाचले. मराठी वाचकाने याची थोडी खंत बाळगावी.

घशाच्या कर्करोगाने आवाज खोल गेला, तरी संवाद चालूच होते. ८ सप्टेंबर १९८१ रोजी खेतवाडीतील त्याच घरी त्यांनी देह ठेवला.