बँटिंग, इन्सुलिन आणि साखरेचे भान

फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, एका शेतकरी कुटुंबात झाला. डॉक्टर झाल्यावर ते पहिल्या महायुद्धात गेले आणि १९१८ मध्ये त्यांच्या हाताला जखम झाली. पुढे त्यांनी दवाखाना थाटला, पण रुग्ण फारसे येईनात. १९२० च्या ऑक्टोबरात स्वादुपिंडावरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि मधुमेहावरील औषधाच्या कल्पनेने त्यांची झोप उडाली.

१९२१ च्या उन्हाळ्यात टोरोंटो विद्यापीठात, प्रा. मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, बँटिंग आणि विद्यार्थी चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. वर्षअखेरीस जेम्स कॉलिप त्यांना येऊन मिळाले. स्वादुपिंडाचा अर्क शुद्ध करताना कॉलिप तो सशांवर तपासत. मात्रा जास्त झाली की सशांना झटके येत आणि ग्लुकोज दिले की ते सावरत. साखर उतरवणारे हे औषध ती धोक्याच्या पातळीखालीही नेते, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्सनला शुद्ध केलेला अर्क टोचला आणि त्याची साखर उतरली. बँटिंग व सहकाऱ्यांनी पेटंटचे हक्क प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले. १९२३ मध्ये बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल मिळाले. बँटिंग यांनी आपली निम्मी रक्कम बेस्टना दिली. फेब्रुवारी १९४१ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले.

त्यांचे इन्सुलिन मात्र मधुमेहापुरते उरले नाही. मूत्रपिंड निकामी झाले की रक्तात पोटॅशियम साठते आणि हृदय अचानक बंद पडू शकते. इन्सुलिन हे पोटॅशियम काही तासांसाठी पेशींच्या आत ढकलते. म्हणून रुग्णालयात ते शिरेतून देतात आणि साखर उतरू नये म्हणून सोबत ग्लुकोजही देतात.

धोका पुढे असतो. ग्लुकोज तास-दीड तासात खर्ची पडते, पण दुबळ्या मूत्रपिंडामुळे इन्सुलिन शरीरात रेंगाळते. म्हणजे रुग्ण सावरल्यासारखा दिसतो त्याच वेळी साखर घसरू लागते. आधीच साखर कमी असलेले, मधुमेह नसलेले आणि कमी वजनाचे रुग्ण यात अधिक सापडतात. अशांना डॉक्टर इन्सुलिनची मात्रा कमी करतात किंवा ग्लुकोज वाढवतात. सुईने बोट टोचून दर तासाला साखर पाहणे, आणि तेही चार ते सहा तास, हाच खरा बचाव.

घाम, थरथर, असंबद्ध बोलणे किंवा अवेळी गुंगी दिसली तर नातेवाइकांनी झोप लागली असे समजू नये, लगेच परिचारिकेला सांगावे. मधुमेह नसलेल्या रुग्णाची साखर पुन्हा पुन्हा का तपासतात, हे कोडेही मग उरत नाही. बँटिंग यांच्या जन्मदिनी, १४ नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिन पाळतात. इन्सुलिन कोणत्याही कारणाने दिले तरी साखरेवर नजर हवी, हे त्या दिवशी मधुमेह नसलेल्यांनीही ध्यानात ठेवावे.